शेवटचा डबा फलाट सोडतो तेव्हा

जोगेश्वरीहून बारा डब्यांची स्लो लोकल सुटते, तेव्हा पहिले काही क्षण ती रेंगाळतेय असंच वाटतं. जिन्यावरून धावत येणाऱ्याला त्यामुळेच भरवसा येतो. हा भरवसा कुठे फसतो, हे नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यातल्या आलेखात दिसतं.

आडव्या अक्षावर काळ घ्या, उभ्यावर वेग. लोकलचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढतो असं धरू. प्रत्यक्षातलं त्वरणही सुरुवातीला याच्या आसपास असतं. वाढ एकसारखी, म्हणून आलेख सरळ रेषा. तिचा चढ म्हणजे त्वरण. अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ, हे गतीचं पहिलं समीकरण त्या चढातच आहे.

गंमत रेषेखाली आहे. काळाचे बारीक तुकडे केले, तर प्रत्येकात वेग जवळपास स्थिर. वेग गुणिले काळ म्हणजे त्या अरुंद पट्टीचं क्षेत्रफळ, म्हणजेच कापलेलं अंतर. पट्ट्या जोडल्या की पूर्ण अंतर. चौदाव्या शतकात निकोल ओरेमनं ही आकृती मांडली, गॅलिलिओनं १६३८च्या ग्रंथात हाच विचार पडणाऱ्या वस्तूंना लावला.

थांबलेल्या गाडीसाठी रेषेखालचा भाग त्रिकोण असतो. चार सेकंदांत गाडी सरकते जेमतेम ४ मीटर. दहा सेकंदांत २५, आणि वेग ताशी १८ किलोमीटर! काळ अडीचपट, अंतर सव्वासहापट.

गाडी आधीच चालत असेल तर त्रिकोणाखाली आयत येतो. वेग दहा सेकंदांत ५ वरून १० मीटर प्रतिसेकंद झाला, तर आयत ५०, त्रिकोण २५, अंतर ७५ मीटर. सुरुवातीचा वेग × काळ, अधिक (त्वरण × काळाचा वर्ग) याचं निम्मं: हे झालं दुसरं समीकरण.

तिसरं मुलं उगाच वेगळं पाठ करतात. आयत आणि त्रिकोण मिळून समलंब चौकोन होतो. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे दोन्ही वेगांची सरासरी गुणिले काळ. पहिल्या समीकरणानुसार काळ = वेगातला फरक ÷ त्वरण. तो इथे घातला की बेरीज गुणिले वजाबाकी, म्हणजे वर्गांचा फरक = २ × त्वरण × अंतर. घड्याळ लागतच नाही. लोकल सुमारे २५६ मीटर लांब आणि फलाटही तेवढाच धरला, तर शेवटचा डबा फलाट सोडताना वेगाचा वर्ग २५६, वेग १६: ताशी जवळजवळ ५८ किलोमीटर.

हा आकडा थोडा जास्तच आहे. वेग वाढला की मोटरींची ओढ कमी होते आणि रेषा वाकते. क्षेत्रफळ तेव्हाही अंतरच सांगतं, पण ही तीन समीकरणं मग लागू पडत नाहीत.