मॅकिंटॉशच्या तबकडीचा वारस

जानेवारी १९८९ मध्ये ॲपल कंपनीने बाजारात आणलेला मॅकिंटॉश एसई/३० हा संगणक ज्यांनी आजवर जपून ठेवला आहे, त्यांच्यावर एक संकट हमखास येते : यंत्र सुरू होते, पडदा उजळतो आणि त्यावर प्रश्नचिन्ह अंकित केलेली फ्लॉपी लुकलुकत राहते, कारण आतील हार्ड डिस्क जागीच होत नाही. त्या काळी मॅकिंटॉशमध्ये सर्रास बसवल्या जाणाऱ्या क्वांटम कंपनीच्या अनेक डिस्कांत, वाचकशीर्ष वाहणाऱ्या भुजेला अडवण्यासाठी रबराचा एक लहानसा तुकडा योजलेला असे. कालांतराने त्या रबराचे रासायनिक विघटन होऊन ते डांबरासारखे चिकट बनते, आणि तबकडी फिरत असूनही भुजा तिथेच अडकून पडते. तिच्या जागी त्याच पिढीची दुसरी डिस्क मिळवावी, तर तिचे रबरही तितकेच जुने. आणि या यंत्राला लागणाऱ्या, पन्नास टाचण्यांच्या स्कझी जोडणीच्या नव्या चुंबकीय डिस्का आता कोणी बनवत नाही.

तरीही इलाज आहे, आणि त्याचे श्रेय मला १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेल्या स्कझी या संगणक-डिस्क संवादाच्या पद्धतीच्या रचनाकारांना द्यावेसे वाटते. तत्पूर्वीच्या एसटी-४१२ डिस्कमध्ये, म्हणजे १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीतील दहा मेगाबाइटच्या साठवणीत, भुजा किती पावले सरकवायची याचा हुकूम संगणकातील नियंत्रक कार्डाला द्यावा लागे, आणि शीर्षाकडून सेकंदाला पन्नास लक्ष बिटांच्या वेगाने येणाऱ्या स्पंदांचा अर्थही त्यालाच लावावा लागे. स्कझीने हा सारा कारभार डिस्ककडे सोपवला. मामलेदार कचेरीत क्रमांक सांगून दस्तऐवज मागणाऱ्या पक्षकाराला दप्तरखान्यातील फडताळांची मांडणी ठाऊक असावी लागत नाही, तद्वत संगणक केवळ ५१२ बाइटांच्या खंडाचा क्रमांक सांगतो. तो खंड कोठे आहे, हे डिस्कने पाहावे. म्हणूनच ब्ल्यूस्कझी किंवा स्कझी-टू-एसडी या नावांनी मिळणाऱ्या छोट्या पट्टिकेवरील सूक्ष्मनियंत्रक नखाएवढ्या एसडी कार्डातून तेच उत्तर देतो, आणि समोर तबकडी नाही याचा संगणकाला पत्ताही लागत नाही. एसटी-४१२ ची नक्कल करायची, तर त्या स्पंदांचे काल-अंतरदेखील हुबेहूब निर्माण करावे लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे या श्रमविभागणीचे मोल कळते.

काही बंधने मात्र उरतात. ॲपलची डिस्क सिद्ध करणारी मूळ आज्ञावली ॲपलची मुद्रा नसलेली डिस्क नाकारीत असे, यास्तव पट्टिकेला ओळख सांगताना तशी बतावणी करावी लागते. आणि सिस्टिम ७.१ पर्यंत एका विभागाची कमाल मर्यादा दोन गिगाबाइट असल्याने बत्तीस गिगाबाइटच्या कार्डावर अनेक स्वतंत्र डिस्का कल्पाव्या लागतात, ब्ल्यूस्कझीत त्यांतील प्रत्येक डिस्क म्हणजे त्या कार्डावरील एक फाइल असते.

जुनी डिस्क एकदा जरी फिरून वाचू लागली, तरी सर्वप्रथम तिची नक्कल उतरवून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ब्ल्यूस्कझीच्या दुसऱ्या आवृत्तीत तशी सोय आहे : ती पट्टिका संगणकाची भूमिका स्वतःकडे घेऊन जुन्या डिस्ककडून एकेक खंड मागून घेते आणि कार्डावर जशाच्या तशा नोंदवते.