अंग दुखते, पण रिपोर्ट निर्दोष : फायब्रोमायाल्जिया समजून घेताना

आपल्या बोलीत दुखण्याला एकच शब्द नाही. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, पाय वळतात, अंग आंबते, अंग मोडून येते. धारूर, केज किंवा वडवणीकडील एखादी भगिनी आपली व्यथा सांगू लागली, की यांतील नेमका शब्द ती निवडून वापरते. मात्र दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर तिच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघते : "सगळंच दुखतंय." आणि दुर्दैवाने हेच वाक्य सर्वांत कमी ऐकून घेतले जाते. रक्त तपासले जाते, एक्स-रे काढला जातो, रिपोर्ट निर्दोष येतो, आणि "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगून तिला परत पाठवले जाते. आम्हीही अशा एका भगिनीला "विश्रांती घ्या, फार विचार करू नका" एवढे सांगून निरोप दिला होता. पिशवीभर रिपोर्ट घेऊन ती आली होती, आणि आम्ही ती पिशवी उघडूनही पाहिली नाही. त्या चुकीची बोच हेच प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे.

ज्या विकाराविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याचे नाव फायब्रोमायाल्जिया. लॅटिनमधील 'फिब्रा' म्हणजे तंतू, ग्रीकमधील 'मिस' म्हणजे स्नायू आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. भारदस्त भासणारे हे नाव खरे तर दिशाभूल करणारे आहे, कारण दोष स्नायूंच्या तंतूंत सापडत नाही. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटले होते. तंतूंना सूज येत असावी, अशी त्या काळची समजूत होती. पुढे सूज सापडेना, तेव्हा नाव बदलावे लागले.

मग दोष कोठे असतो? एक साधा दाखला घेऊ. वस्तीवर एकदा चोरी झाली, की राखणीचा कुत्रा त्यानंतर वाळले पान हलले तरी भुंकतो. चोर आलेला नसतो, पण भुंकणे खरे असते आणि घरच्यांची झोपमोडही खरी असते. आपल्या शरीरातील वेदनेची यंत्रणा, म्हणजे मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू, ही अशीच एक राखण आहे. फायब्रोमायाल्जियात ती प्रमाणाबाहेर सावध होते. इतरांना केवळ दाब वाटावा अशा स्पर्शाची तिथे वेदना होते. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर सारखाच दाब देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. निरोगी माणसांना जो दाब सौम्य वाटला, त्याच दाबाने रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे जागी झालेली दिसली. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, राखणदाराची सावधानता दिसत नाही. रिपोर्ट निर्दोष आला म्हणून वेदना खोटी ठरत नाही, हे कुटुंबीयांनी आधी ध्यानात घ्यावे.

आता लक्षणांकडे वळू. किमान तीन महिने टिकलेले, शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली पसरलेले दुखणे हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला न ओसरणारा थकवा, रात्र झोपेत जाऊनही सकाळी शिणल्यासारखे उठणे, विसरभोळेपणा, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, कधी उदासी. १९९० च्या निकषांनुसार अंगावरील १८ ठरावीक बिंदू दाबून त्यांतील ११ दुखतात का, हे पाहत असत. २०१० पासून ही पद्धत मागे पडली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती भागांत दुखते आणि थकवा, झोप, स्मरण यांची स्थिती कशी आहे, हे विचारून गुण दिले जातात. म्हणजेच निदान यंत्रापेक्षा संवादावर अधिक अवलंबून असते. हा विकार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, परंतु पुरुषांनाही होतो. जगभरात शंभर प्रौढांमागे दोन ते चार जणांना तो असावा, असा अंदाज आहे.

तपासण्या निरर्थक आहेत, असे मात्र कोणी समजू नये. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली गती, 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ पडलेली हाडे, संधिवात या सर्वांत अंग दुखते आणि या सर्वांवर स्वतंत्र उपचार आहेत. त्यामुळे हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सूज दर्शविणाऱ्या रक्ताच्या तपासण्या एकदा नीट करून घ्याव्यात. सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, हातापायातील शक्ती जात असेल किंवा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर तो फायब्रोमायाल्जिया समजून घरी बसणे धोक्याचे आहे.

बीडमध्ये हा विषय आणखी एका कारणाने नाजूक आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील फडांवर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एक दिवस चुकला तर खाडा लागतो. पहाटे स्वयंपाक, दिवसभर वाकून तोड, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे, आणि रात्री-अपरात्री ट्रक आला की पुन्हा भरणी. अशा भगिनीचे अंग दुखले, तर तिला आधी आजाराचे नाव देण्याची घाई आम्हाला मान्य नाही. श्रमाने दुखणारे अंग हे श्रमाचे दुखणे आहे. त्याचे औषध हलकी मोळी, पुरेशी झोप आणि खाड्याच्या भीतीविना मिळणारी सुट्टी हे आहे. अन्यायाला वैद्यकीय नाव दिल्याने तो अन्याय नाहीसा होत नाही.

परंतु गोष्ट इथेच संपत नाही. हंगाम संपून गावी परतल्यावर, दोन-तीन महिने फड सुटल्यानंतरही दुखणे तसेच राहिले, पसरत गेले, झोप येईनाशी झाली, तर राखणदार बिघडला असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. झोपेचा यात फार मोठा वाटा आहे. कॅनडातील मोल्डोफ्स्की यांनी १९७५ साली निरोगी तरुणांची गाढ झोप रात्रीमागून रात्री मुद्दाम मोडली, तेव्हा काही दिवसांतच त्यांचे स्नायू दुखू लागले. त्या तरुणांना प्रयोग संपल्यावर झोप परत मिळाली. फडावरील कोपीत राहणाऱ्या स्त्रीची झोप सहा-सहा महिने मोडत राहते.

दुखणे न ओळखले गेल्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे जिल्ह्याने पाहिले आहे. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती : पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, कर्करोगाची घातलेली भीती, बुडणारी मजुरी. कंबर आणि ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याने गांजलेल्या स्त्रीला शस्त्रक्रिया हा एकदाचा सुटकेचा मार्ग वाटावा, यात नवल नाही. मात्र वेदनेच्या यंत्रणेतील बिघाड गर्भाशय काढून दूर होत नाही. उलट अंडाशयही काढले गेले असेल, तर ऐन तारुण्यात पाळी जाऊन हाडे ठिसूळ होतात आणि अंगदुखीत भरच पडते. अशा भगिनींनी डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती आवर्जून द्यावी.

उपचारांविषयी प्रथम स्पष्ट सांगतो : हा विकार मुळासकट नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही, पण तो जिवावर बेतत नाही, सांधे वाकडे करीत नाही, आणि बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येतो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा निःशंकपणे शिफारस करावी असा एकच उपाय त्यांना आढळला : व्यायाम. आयुष्यभर मोळ्या वाहिलेल्या स्त्रीला व्यायामाचा सल्ला देणे ही थट्टा वाटेल, हे आम्ही जाणतो. पण ओझ्याचे काम आणि हा व्यायाम यांत अंतर आहे. ओझे शरीराच्या इच्छेविरुद्ध वाहिले जाते. हा व्यायाम शरीराला विचारून केला जातो. पाच-दहा मिनिटे सावकाश चालणे, हातपाय हळुवार ताणणे, जमल्यास साधी योगासने, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. आरंभी दुखणे किंचित वाढते, त्याला घाबरून सोडू नये. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ज्या दिवशी बरे वाटते, त्या दिवशी आठवड्याची धुणी, सारवण आणि दळण एकदम उरकू नये, कारण पुढचे चार दिवस अंथरुणात जातात. घरातील मंडळींनी त्या दिवशी "आज तर चांगली दिसतेस" असे म्हणून कामे पुढे करू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

औषधांत अमिट्रिप्टिलीन अल्प मात्रेत, तसेच ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांचा काही रुग्णांना उपयोग होतो. यांतील काही औषधे उदासीवरही देतात, म्हणून चिठ्ठी पाहून "मला वेडी समजले" असा ग्रह करून घेऊ नये. ती मज्जातंतूंतील संदेश शांत करतात, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत वा थांबवावीत. याउलट नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या विकारात फारशा लागू पडत नाहीत. रोज खाल्ल्यास जठर आणि मूत्रपिंडाची हानी करतात. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बेनावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. पहिले काही दिवस जादू झाल्यासारखे वाटते, पुढे हाडे झिजतात आणि साखर वाढते. अंगदुखीवर सलाईन लावून घेण्याची प्रथाही पैशाचा अपव्यय आहे.

मनावरील ताणाने दुखणे वाढते, आणि दुखण्याने मन खचते. समुपदेशनाचा इथे खरा लाभ होतो. ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांना १४४१६ या टेली-मानसच्या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहेत. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : दुखणे केव्हापासून, कोठे कोठे, झोप कशी, आणि आजवर कोणत्या गोळ्या व शस्त्रक्रिया झाल्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. फडावर निघताना हाच कागद आणि जुने रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवावेत, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडील डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.