कुलूप फोनला, किल्ली कोणाकडे?

दहावीचे प्रवेशपत्र शाळेतून हाती पडले, की ते जपून ठेवण्याआधी त्याचे छायाचित्र काढून 'स्टेटस'ला लावण्याची एक नवी वहिवाट मुलामुलींत पडली आहे. उत्साहाचे प्रदर्शन म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु त्या कागदावर बैठक क्रमांक असतो, आईचे नाव असते, शाळेचा तपशील असतो, आणि राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहताना जे दोन तपशील मागितले जातात ते बैठक क्रमांक व आईचे नाव हेच असल्यामुळे, निकालाच्या दिवशी त्या मुलाने स्वतःचे गुण पाहण्याआधीच ते वर्गातल्या, गल्लीतल्या किंवा सर्वस्वी परक्या माणसास पाहता येतात. येथे कोणी कुलूप फोडलेले नसते. मालकानेच किल्ली भिंतीवर टांगलेली असते.

स्मार्टफोनच्या सुरक्षिततेविषयी कुमारवयीन मुलांत, आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या आईवडिलांतही, जे समज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच चुकीत सापडते. धोका यंत्रात आहे असे आपण गृहीत धरतो आणि त्याचा उपायही यंत्रातच शोधतो. प्रत्यक्षात गुपित बाहेर पडते ते पुष्कळदा ओळखीच्या माणसाच्या हातून, आणि ते बाहेर पडल्यावर मुलाचे रक्षण होते तेही माणसांकडूनच. एवढे ध्यानात ठेवून त्या समजांची एकेक करून रुजुवात घालू.

गैरसमज १ : ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, त्याला खासगीपणाची गरज नाही.

वस्तुस्थिती : खासगीपणा आणि लपवाछपवी यांची गल्लत आपल्या घरांत फार जुनी आहे. मुलाने फोनला पिन लावली की 'आमच्यापासून काय लपवतोस?' हा प्रश्न ठरलेला. परंतु आपल्याविषयीची कोणती गोष्ट कोणाला, केव्हा व किती कळावी हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे खासगीपणा. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय देऊन तो संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. ज्याने गुन्हा केला आहे त्यालाच हा अधिकार लागतो असे नाही. प्रवेशपत्रात लाजिरवाणे असे काय असते? तरीही गणिताचे गुण आधी कोणी पाहावे, हे ठरविण्याचा हक्क परीक्षा देणाऱ्याचाच आहे.

गैरसमज २ : अकाउंट 'प्रायव्हेट' केले, की काम संपले.

वस्तुस्थिती : ते करणे आवश्यक आहे, आणि तेही पुष्कळांस येत नाही. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, १४ ते १६ वयोगटातील जी मुले समाजमाध्यमे वापरतात त्यांपैकी प्रोफाइल प्रायव्हेट कसे करावे हे ठाऊक असणारी ५५.२ टक्के, तर नकोशा व्यक्तीस ब्लॉक कसे करावे किंवा तिची तक्रार कशी करावी हे ठाऊक असणारी ६२ टक्के होती. मात्र ज्यांना ही विद्या अवगत आहे त्यांनीही लक्षात घ्यावे, की प्रायव्हेट अकाउंटचा दरवाजा अनोळखी माणसांपुरता बंद असतो. ज्या पाचशे 'फॉलोअर्स'ना आपण स्वतः आत घेतले, त्यांतील कोणीही स्क्रीनशॉट घेऊन तो बाहेर नेऊ शकतो. शिवाय चित्रात आपण चेहरा पाहतो, पण दुसरा कोणी मागची भिंत पाहतो. गळ्यातले शाळेचे ओळखपत्र, सोसायटीच्या फाटकावरची पाटी, क्लासच्या वेळापत्रकाचा फलक एवढ्या सामग्रीवरून मुलगी कोणत्या शाळेत जाते, कोठे राहते आणि मंगळवारी सायंकाळी कोणत्या रस्त्याने परतते, याचा अंदाज बांधणे मुळीच कठीण नाही.

गैरसमज ३ : एकदा पाहिल्यावर आपोआप पुसला जाणारा फोटो कायमचा जातो.

वस्तुस्थिती : दिसेनासे होणे आणि नाहीसे होणे या दोन भिन्न क्रिया आहेत. 'क्षणात नाहीसे होणारे संदेश' हीच ज्याची ख्याती होती त्या स्नॅपचॅटवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली दिशाभुलीचा ठपका ठेवला. कारण संदेश साठवून ठेवण्याचे अनेक सोपे मार्ग घेणाऱ्याच्या हाती उपलब्ध होते, आणि कंपनीस तडजोड मान्य करावी लागली. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये 'व्ह्यू वन्स'ची सोय दिली व पुढे त्यात स्क्रीनशॉटला अटकाव केला. परंतु शेजारी धरलेल्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यास तो अटकाव लागू होत नाही. ब्राउझरमधील 'इन्कॉग्निटो' खिडकीची गोष्टही याच जातीची. त्या खिडकीत पाहिलेल्या पानांची नोंद आपल्या फोनच्या इतिहासात राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. संकेतस्थळे आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी यांच्यापासून तो पडदा नसतो. याच प्रश्नावर अमेरिकेत चाललेल्या दाव्याच्या तडजोडीत गूगलने २०२४ साली अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. ज्या नोंदी कधी ठेवल्याच गेल्या नाहीत, त्या नष्ट करण्याचा प्रसंग कसा येईल?

गैरसमज ४ : व्हॉट्सॲपचे संदेश कूटबद्ध असतात, तेव्हा ते तिसऱ्या कोणास वाचता येत नाहीत.

वस्तुस्थिती : २०१६ पासून तेथे 'एंड-टू-एंड' कूटबद्धता आहे आणि वाटेत संदेश वाचणे तिच्यामुळे अतिशय दुष्कर झाले आहे, हे निर्विवाद. पण ही तटबंदी वाटेपुरती आहे. दोन्ही टोकांस माणसेच बसलेली असतात. मधल्या सुट्टीत 'जरा गेम खेळू दे' म्हणून घेतलेला फोन, आणि मैत्रीची खूण म्हणून सांगून टाकलेली त्याची पिन, एवढ्या भांडवलावर मित्र आपल्या घरच्या संगणकाला तुमचे व्हॉट्सॲप जोडू शकतो. मग तुम्ही इकडे लिहीत असता आणि तो तिकडे वाचीत असतो. यासाठी सेटिंगमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' ही यादी महिन्यातून एकदा उघडून पाहावी, आणि जे यंत्र आपले नाही त्यास तेथूनच 'लॉग आउट' करावे. पासवर्ड देणे हा प्रेमाचा किंवा मैत्रीचा पुरावा मानण्याची जी रीत या वयात आहे, तिच्याविषयी एवढेच सांगावेसे वाटते, की मैत्री मोडते तेव्हा दिलेला पासवर्ड परत करण्याची आठवण कोणालाही राहत नाही.

गैरसमज ५ : फोन आपले बोलणे चोरून ऐकतो, म्हणून तर बोललेल्या वस्तूच्या जाहिराती दिसतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नकळत मायक्रोफोन सुरू करून बोलणे बाहेर पाठविल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, मात्र काही ॲप्स पडद्यावरील हालचालींचे चित्रण बाहेर पाठवीत असल्याचे आढळले. म्हणजे भय चुकीच्या दिशेचे होते. आपण काय शोधले, कशावर किती वेळ थांबलो आणि कोठे गेलो, याचा हिशेब इतका बारीक ठेवला जातो, की कान लावण्याची गरजच उरत नाही. विजेरीच्या ॲपने संपर्क यादी पाहण्याची मुभा मागितली, तर ती नाकारावी. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच द्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई करण्याची तरतूद केली आहे. परंतु ज्या मुलाने नोंदणीच्या वेळी जन्मसाल वाढवून सांगितले, त्याच्यापर्यंत हे संरक्षण पोहोचावे कसे?

गैरसमज ६ : ही काळजी मुलींनी घ्यावयाची; मुलग्यांचे काय बिघडते?

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक, कारण तो मुलीस बंधनात आणि मुलग्यास अंधारात ठेवतो. सुंदर मुलीच्या नावाने बनावट अकाउंट काढावयाचे, दोन दिवस गोड बोलून खासगी फोटो मागवावयाचा आणि तो हाती पडताच 'पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो' अशी धमकी द्यावयाची, या खंडणीचे बळी बहुधा १४ ते १७ वर्षांचे मुलगे असतात, असे अमेरिकेच्या एफबीआयने इशाऱ्यात म्हटले आहे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा आपल्याकडील २०१२ चा 'पॉक्सो' कायदा मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. आणि बालकाचे अश्लील चित्र वापरण्याची धमकी देणे हा गुन्हा ठरविताना त्याने 'खरे वा बनावट' असे दोन्ही प्रकार अंतर्भूत केल्यामुळे, कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या नकली चित्राची धमकीही त्यातून सुटत नाही.

मुलग्यांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. वर्गातल्या मुलीचा तसला फोटो आपण काढला नाही, केवळ पुढे पाठविला, हा बचाव टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब अन्वये बालकांचे असे चित्र प्रसारित करणे हाच गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पाठविणारा स्वतः अल्पवयीन असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जाते खास.

गैरसमज ७ : फसल्यावर पैसे देऊन मिटवावे; तक्रार केली तर बदनामी ठरलेली.

वस्तुस्थिती : एकदा पैसे मिळाले की खंडणीखोराची खात्री पटते, की येथे आणखी मिळतील. पैसे देऊ नयेत, नवा फोटो पाठवू नये; आणि घाबरून संभाषण पुसूनही टाकू नये, कारण तोच उद्याचा पुरावा. धमकीचे संदेश, खात्याचे नाव व तारीख-वेळ जपून ठेवून मगच त्या व्यक्तीस ब्लॉक करावे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न सांगताही नोंदविता येते. अठरा वर्षांखालील व्यक्तीचा फोटो पसरण्याची भीती असेल, तर 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवा आहे : फोटो फोनबाहेर न जाता त्याचा केवळ अंकीय ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्या मंचावरील तसे चित्र शोधून काढू शकतात. बदनामीचे म्हणाल, तर पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र वा शाळा प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास पॉक्सोच्या कलम २३ ने मनाई केली आहे.

आता शेवटचा शब्द वडीलधाऱ्यांसाठी. यातील प्रत्येक उपायाची सुरुवात मुलाने कोणाजवळ तरी तोंड उघडण्यापासून होते, आणि नेमके तेथेच घोडे अडते. कारण आपल्या घरांतील पहिला हुकूम बहुधा फोनजप्तीचा असतो, मुलगी असेल तर त्यापाठोपाठ क्लास बंद होण्याचा. ज्या मुलाला ही शिक्षा आधीच ठाऊक आहे, ते घरी सांगण्याऐवजी खंडणीखोराशी तडजोड करते, आणि खंडणीखोराची सारी भिस्त मुलाच्या या भीतीवरच असते. तेव्हा आज रात्री जेवताना आपल्या मुलाला किंवा मुलीला एवढे एक वचन द्या : 'चूक तुझी असली तरी आधी ऐकून घेईन, आणि सांगितलेस म्हणून फोन काढून घेणार नाही.' आणि ते पाळा.