घाट चढणारं काळीज

महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरवर, महाबळेश्वर १,३७२ मीटरवर. दोहोंमधली जुनी वाट पोलादपूरवरून पारघाट चढते, प्रतापगडाखालच्या पारला टेकते आणि रडतोंडीच्या घाटाने पठार गाठते. १६५९ मध्ये अफझलखानाचं सैन्य घोड्यांसह याच रडतोंडीने पारला उतरलं. असा घाट चढताना घोड्याच्या छातीत काय चालत असेल?

उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. भरधाव दौडीत तेच २२० च्या घरात जातं. पण नुसते ठोके वाढून भागत नाही, प्राणवायू वाहायला तांबड्या पेशी हव्यात. घोडा त्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, राखून ठेवतो. जोर लावायची वेळ आली की पाणथरी आकसते आणि साठा रक्तात सोडते. विसाव्यात रक्ताचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग पेशींचा असतो, ऐन दौडीत तो ६० टक्क्यांवर जातो. माणसाचं रक्त इतकं दाट झालं तर डॉक्टर धास्तावतील!

सरावाने ठोक्यांची कमाल मर्यादा वाढत नाही. हृदय मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तोच चढ कमी ठोक्यांत निभतो. धट्ट्याकट्ट्या घोड्याचं हृदय विसाव्यात मधूनच एखादा ठोका चक्क गाळतं. स्टेथोस्कोप लावणारा नवखा दचकतो. घोडा दुडकी धरतो आणि ताल पुन्हा जुळतो.

महाबळेश्वरला हवेचा दाब कोकणापेक्षा सुमारे १५ टक्के कमी, म्हणजे श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच कमी. तरी या घाटात घोड्याला जड जाते ती विरळ हवेपेक्षा चढणच. स्वतःचं आणि स्वाराचं वजन सव्वा किलोमीटरहून जास्त वर न्यायचं असतं. त्यात पायथ्याची दमट हवा: घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि ते निववायला बरंचसं रक्त कातडीकडे वळवावं लागतं.

म्हणूनच १६० किलोमीटरपर्यंतच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत पशुवैद्य टप्प्याटप्प्यावर नाडी बघतात. ठरलेल्या मिनिटांत ती साधारण ६४ वर उतरली नाही, तर सगळ्यांच्या पुढे असलेला घोडाही बाद.

माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसायच्या आधी घोडेवाल्याला विचारून जबड्याच्या खालच्या कडेला बोटं टेकवा, तिथे धमनी लागते. १५ सेकंदांचे ठोके मोजा, चारने गुणा. बराच वेळ उभा राहूनही आकडा साठीच्या वरच असेल, तर त्या घोड्यावर बसू नका.