तानपुरा ऐकू येतोय का?

दोस्तांनो, तुमच्या घरच्या माळ्यावर एखादा जुना खोका आहे का, बघा बरं! वरती जुन्या वह्या, मोडकी बॅट आणि तळाशी चकचकीत तबकड्या. त्या म्हणजे सीडी. कुणी म्हणालं, "टाका रद्दीत," तर जरा थांबा.

माझ्या भाचीच्या घरी, मधुराकडे, अशा साठेक सीडी होत्या. सगळ्या आजोबांच्या, शास्त्रीय संगीताच्या. अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर शाबूत, पण प्लेअर बंद पडलेला. मोबाइलवरची बारीक अक्षरं आजोबांना दिसत नाहीत. "तबकडी घालायची, बटण दाबायचं, एवढंच मला जमतं गं," ते म्हणायचे. मग पंचाहत्तरीला त्यांना प्लेअर द्यायचं ठरलं. पैसे मोजकेच होते. निवड चुकली, तर दुसरा घेणं शक्य नव्हतं.

आधी सीडी वाजते कशी, ते पाहू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून ती तयार केली आणि १९८२ साली ती बाजारात आली. बारा सेंटिमीटरच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची एक चक्राकार रेघ असते. ती उलगडली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल! ती वाचतो लेसरचा किरण, आणि तोही आतून बाहेर. सुई टेकत नाही, म्हणून वाजवून सीडी झिजत नाही.

या खळग्यांत असतात आकडे. ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. डाव्या बाजूची वेगळी, उजव्या बाजूची वेगळी. आपला कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनं ऐकतो. त्याच्या दुपटीहून जास्त मोजणी झाली, की काम भागतं. प्लेअर या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. म्हणूनच चांगल्या स्थितीतला साधा प्लेअरही छान वाजतो. खरा फरक पडतो तो स्पीकरमुळे!

जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन प्लेअर होते. एक रंगीत दिव्यांचा, त्यातच स्पीकर बसवलेले. दुसरा साधा काळा डबा. मागे लाल आणि पांढरी अशी दोन भोकं, तारा जोडायला. मधुराचा भाऊ लगेच दिव्यांवर भाळला. मधुरानं मात्र पिशवीतून आजोबांची एक सीडी काढली.

पहिली परीक्षा: सुरुवातीचा तानपुरा. दिवेवाल्यात त्याच्यामागे सतत भुणभुण. "आवाज वाढवा की, कळणारसुद्धा नाही," दुकानदारकाका म्हणाले. दुसरी परीक्षा: शेवटचं गाणं. तबकडी जरा वाकडी असेल, तर कडेला ती सर्वांत जास्त हलते. थकलेला प्लेअर तिथेच अडखळतो. दिवेवाला अडखळला. काळ्या डब्यानं शेवटचा सूरही नीट लावला. शिवाय तो स्वस्त!

घरी आल्यावर दोन्ही स्पीकर लांब लांब ठेवले. आजोबांची खुर्ची समोर अशी, की तिघांचा समभुज त्रिकोण व्हावा. भूमितीचा असाही उपयोग असतो बरं का! एकाच डब्यात चिकटलेल्या स्पीकरांना हे कसं जमणार?

सीडी सुरू झाली. आजोबांनी डोळे मिटले आणि हवेत बोट दाखवलं. "हा इथे तबला... ही तिकडे पेटी. आणि मागे, अगं, तानपुरा!" मधुराचा भाऊ दिवे विसरला आणि आजोबांच्या खुर्चीला टेकून बसला.

जाता जाता एक सूचना. सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आडवा ओरखडा प्लेअर बहुधा निभावून नेतो. रेघेच्या दिशेनं गेलेला मात्र सलग मजकूरच पुसतो. आणि छापील बाजूही जपा. धातूचा पातळ थर तिच्या लगेच खालीच असतो.

मग, या रविवारी माळ्यावर चढणार ना? स्टूल धरायला मात्र बाबांना बोलवा!