एकच पाटी, हजार हिशेब

देवगाव फाट्याहून आम्ही बोलतोय. आपल्या गटांतल्या पोरी आता बीसीएला, पॉलिटेक्निकला जातात. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट आज सांगतो, कारण तिचा संबंध आपल्या अंगठ्याशी आहे.

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. आज त्याच आधारवर अंगठा लावून आपण पैसे काढतो. अनुदान जमा झालं की हजारो बाया एकदमच अंगठा लावतात. पलीकडचा सर्व्हर, म्हणजे हे काम करणारा मोठा कॉम्प्युटर, एकेकीचं काम संपेपर्यंत बाकीच्यांना थांबवत नाही. एकाच प्रोग्रॅमचे अनेक हात सोबत चालतात. त्यातल्या एकेका हाताला थ्रेड म्हणतात.

प्रोग्रॅम लिहिणारे सगळं स्वतः लिहीत नाहीत. तारीख काढणं, ओळीचे तुकडे करणं ही कामं लायब्ररीतल्या तयार फंक्शनकडून करून घेतात, तयार मसाला आणावा तसं. पण काही जुनी फंक्शनं उत्तर एकाच ठरलेल्या जागी लिहितात. समजा, बैठकीत एकच पाटी आहे. सचिवताईंनी त्यावर एकीचं व्याज मांडलं. वहीत उतरवणार, तेवढ्यात कोषाध्यक्ष ताईंनी पाटी पुसून दुसरीचं मांडलं. दोघींचं गणित बरोबर, पण पहिलीच्या नावावर दुसरीचं व्याज!

सी भाषेतलं लोकलटाइम हे फंक्शन तारीख-वेळ अशाच सामाईक पाटीवर ठेवतं. स्ट्रटॉक ओळीचे तुकडे करतं आणि कुठवर आलो याची एकच खूण ठेवतं. एका पोथीत एकच मोरपीस आणि वाचणाऱ्या दोघी, मग काय होणार?

अशी फंक्शनं ओळखायची कशी? लिनक्सच्या माहितीपानावर फंक्शनपुढे एमटी-सेफ किंवा एमटी-अनसेफ लिहिलेलं असतं. स्ट्रटॉकपुढे अनसेफ आहे. दुसरी खूण नावात सापडते. लोकलटाइम_आर, स्ट्रटॉक_आर अशी जोडीदार फंक्शनं आहेत, त्यांना पाटी आपण द्यायची असते. असा जोडीदार दिसला की मूळ फंक्शनवर संशय घ्यावा. आणि आपण जागा न देता फंक्शन उत्तर ठेवतंय, तर ती जागा कुणाची, हे पोरींनी विचारायलाच हवं.

ही चूक फार फसवी. ऑफिसात एकट्यानं तपासलं तर सगळं ठीक चालतं, गर्दीतच बिघडतं. थ्रेडसॅनिटायझर नावाचं साधन दोन थ्रेड एकाच जागेवर भिडले की सांगतं, पण चाचणीत जो भाग चाललाच नाही तिथली चूक त्याला दिसत नाही. म्हणून आधी कोडमध्ये अशी नावं शोधावीत, मग गर्दीची चाचणी घ्यावी. काही जण पाटीला कुलूप लावतात, एकीचं झालं की दुसरीनं घ्यायची. पण प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागानं कुलूप न बघता पाटी उचलली तर ते वायाच. आमच्या मते आपापली पाटी बरी.

पावतीवर भलतं नाव किंवा तारीख आली, तर कारणं बरीच असू शकतात. पण पावती फेकू नका. तिच्यावर वेळ नसेल तर मिनिटासकट लिहून ठेवा आणि तक्रारीत तीच वेळ द्या. अशी चूक क्षणभराची असते, नेमकी वेळ कळली तर सर्व्हरच्या नोंदींत तिचा माग काढणं सोपं जातं.