पाऊस धो धो, विहीर कोरडी
जव्हार-मोखाड्यात पावसाळाभर पाऊस धो धो कोसळतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. पाणी जातं कुठं? पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात आणि भेगांत. तेवढी जागा भरली, की उरलेलं वैतरणा नदीकडे धावतं. (मोखाड्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवतं, ते वेगळंच!)

तुमच्या विहिरीतलं पाणी कसं उतरतं, ते पाहायचंय? दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा, मोठ्यांना सोबत घेऊन दर रविवारी विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजा, वहीत लिहा, आलेख काढा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतले भूवैज्ञानिकही निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवतात. भूवैज्ञानिक व्हायचं तर बारावी विज्ञाननंतर भूशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी करावी लागते. गुरुजी, बाई, ही वही यंदा दिवाळीनंतर सुरू कराच.